मराठीतली उत्तरं चॅट अ‍ॅपमध्ये अडकली आहेत. आपला प्रोग्रामिंग गट तिथून हलवावा का?

सेमीकोलन_सांगली

नमस्कार मंडळी,

पायथन आणि जावास्क्रिप्ट शिकणाऱ्यांसाठीचा आपला मराठी गट गेली काही वर्षं एका मोठ्या चॅट अ‍ॅपवर चालतो. अ‍ॅपचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण तक्रार त्या एका कंपनीबद्दल नाही. तिथं आपण लिहितो खूप, पण लिहिलेलं राहत नाही, हे माझं दुखणं आहे.

निमित्त परवाचं. लातूरच्या एका पॉलिटेक्निकमधल्या मुलीनं विचारलं, "पायथनमध्ये लांबी मोजणारं लेन("क्षितिज") केलं की ७ का येतं? अक्षरं तर तीनच आहेत ना?" दर बॅचला कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. आपल्या गटातल्या रात्रपाळी यांनी त्याचं फार छान उत्तर लिहिलंय. क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज असे सात कोडपॉइंट (युनिकोडमध्ये क्रमांक दिलेली चिन्हं). यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत एकेकाला तीन बाइट, म्हणून एकूण २१. स्ट्रिंग उलटी केली की "जितिष्क" असं का उमटतं, तेही एकेक चिन्ह सोडवून दाखवलंय. हे उत्तर आहे हे मला माहीत होतं, कुणी लिहिलं तेही माहीत होतं, तरी शोधून सापडलं नाही. बाहेरच्या माणसाला तर ते दिसण्याचा प्रश्नच नाही. लॉगिनच्या आतलं गूगलपर्यंत पोचत नाही.

इंग्रजीत असा प्रश्न टाकला की पानंच्या पानं मिळतात. मराठीत हे समजावून सांगणारं पान शोधून बघा. आपल्या लोकांनी ते लिहिलंय आणि आपणच ते कुलपात ठेवलंय.

माझं मत सरळ आहे: स्वतःचं डिस्कोर्स (चर्चामंचाचं मुक्त सॉफ्टवेअर) बसवावं आणि हलावं. मॉडरेटरांमध्ये एकमत नाही, म्हणून इथं विचारतोय. मोकळेपणानं लिहा.

विदर्भ_एक्सप्रेस

+१. वाचतोय.

अनघा_प

मी मॉडरेटर आहे आणि माझा विरोध आहे, तो इथंही मांडते.

आपल्याकडे येणारी बरीच मुलं फोनवरून येतात. घरी लॅपटॉप नसतो, कॉलेजच्या लॅबमध्ये असतो. ते अ‍ॅप त्यांच्या फोनमध्ये आधीच आहे. नवीन साइट म्हणजे नवीन खातं, नवीन पासवर्ड, पुष्टीचा ईमेल स्पॅममध्ये. तिथंच निम्मी गळतील.

आणि मोठमोठ्यांना जमलं नाही ते बघा. २०२३ मध्ये रेडिट या चर्चेच्या साइटनं एपीआयला, म्हणजे बाहेरच्या अॅपना मजकूर देणाऱ्या सोयीला, पैसे लावले. अपोलो अ‍ॅपच्या डेव्हलपरनं जाहीर सांगितलं की त्याला वर्षाला साधारण दोन कोटी डॉलर पडतील. १२ जूनपासून आठ हजारांवर सबरेडिट (रेडिटवरचे विषयवार गट) बंद राहिले. काय झालं? दर तसेच राहिले, ३० जूनला अपोलो बंद पडलं, बहुतेक सबरेडिट उघडले आणि लोक परत तिथंच. लेमी या रेडिटसारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर प्रोग्रामिंग डॉट डेव्ह उभं राहिलं, चांगलं चाललंय, पण गर्दी काही तिकडे गेली नाही. चिडून निघालेले लोक महिनाभरात परततात. आपण तर चिडलेलेही नाही आहोत.

जुना_आयआरसीवाला

अनघाताई, रेडिटचं उदाहरण बरोबर आहे, पण ते एकटं घेऊ नका. फ्रीनोडचं बघा. तरुण मंडळींसाठी जरा सविस्तर लिहितो.

आयआरसी म्हणजे चॅटचा जुना, मुक्त प्रोटोकॉल. फ्रीनोड हे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं त्यावरचं सगळ्यात मोठं नेटवर्क होतं. उबुंटू, विकिमीडिया, जेंटू, सगळ्यांचे चॅनल तिथं. चालवणारे सगळे स्वयंसेवक. २०१७ मध्ये फ्रीनोड लिमिटेड ही कंपनी अँड्र्यू ली यांच्याकडे गेली. तेव्हा कुणाला फारसं काही वाटलं नाही, कारण सर्व्हर, मॉडरेशन सगळं स्वयंसेवकांच्याच हातात होतं. मे २०२१ मध्ये ताबा कुणाचा यावरून फाटलं. १९ मेला स्वयंसेवकांनी एकगठ्ठा राजीनामे दिले आणि त्याच दिवशी लिबेरा चॅट सुरू केलं, स्वीडनमधली ना-नफा संस्था म्हणून. लींचं म्हणणं वेगळं होतं, ते बाजूला ठेवू. पण पुढच्याच आठवड्यात ज्या चॅनलांच्या विषय-ओळीत लिबेराचा उल्लेख होता अशी शेकडो चॅनलं फ्रीनोडनं ताब्यात घेतली. "आम्ही तिकडे गेलोय" एवढं लिहिलं म्हणून चॅनल गेलं! जे काठावर होते तेही त्या रात्री निघाले. जूनमध्ये फ्रीनोडनं नोंदलेल्या नावांचा जुना डेटाबेसही टाकून दिला, म्हणजे राहिलेल्यांचं राहण्याचं कारणच संपलं.

हे स्थलांतर जमलं, आणि का जमलं ते महत्त्वाचं आहे. ज्यांच्यावर लोकांचा भरवसा होता तेच आधी उठून गेले. आणि प्रोटोकॉल तोच राहिला. माझ्या क्लायंटमध्ये मी फक्त सर्व्हरचा पत्ता बदलला, बाकी सगळं होतं तसं. रेडिटवाल्यांना ही सोय नव्हती. आपल्यालाही नाही, हे मान्य करतो. पण अनघाताई, तुमच्यासारखे मॉडरेटर पुढे निघाले तर मुलं येतील. मुलं अ‍ॅपसाठी येत नाहीत, उत्तर देणाऱ्यांसाठी येतात.

कोकणी_कोडर

"जितिष्क" मध्ये वेलांट्यासुद्धा जुनं अक्षर सोडून शेजारी बिऱ्हाड करतात, मग आपल्याला काय अवघड आहे :)

श्रुती_डब्लिन

आयआरसीवाले काका, मस्त लिहिलंत.

फुकट मिळणाऱ्या जागेचे नियम कसे बदलतात त्याबद्दल थोडं. रिअ‍ॅक्टची रिअ‍ॅक्टिफ्लक्स ही जावास्क्रिप्टवाल्यांची कम्युनिटी आधी स्लॅक या ऑफिसांच्या चॅट सेवेवर होती. साडेसात हजार सदस्य झाल्यावर तिथं नवीन माणसं घेता येईनात, म्हणून २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ती डिस्कॉर्डवर गेली. डिस्कॉर्ड तेव्हा गेम खेळणाऱ्यांचं नवंकोरं अ‍ॅप होतं. पुढे प्रोग्रामिंगच्या कितीतरी गटांनी तीच वाट धरली.

स्लॅकवर राहिलेल्यांचं काय? फुकट खात्यात शेवटचे दहा हजार मेसेज दिसायचे. सप्टेंबर २०२२ पासून फक्त ९० दिवसांचे. ऑगस्ट २०२४ पासून वर्षापेक्षा जुनं पुसायलाच लागले. म्हणजे आधी लपवलं, मग काढून टाकलं. कंपनी आहे, फुकट साठवणूक तिनं कायम का द्यावी, हेही समजू शकते. पण मग आपल्या लिखाणाची एकमेव प्रत तिथं का ठेवायची?

जून २०२५ चा कुबरनेटीसचा (सर्व्हरवरची सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मोठ्या मुक्त प्रकल्पाचा) किस्साही बघा. जगभरातले डेव्हलपर तिथं, आणि त्यांना कळवलं गेलं की २० जूनला तुमचं स्लॅक फुकट पातळीवर उतरणार. जुनी चर्चा वाचवायची धावपळ सुरू झाली. मग स्लॅकनं निर्णय मागे घेतला. कुबरनेटीस आहे म्हणून घेतला. आपल्यासाठी कोण घेणार?

बाइटभर_साखर

एक बाळबोध प्रश्न. आधीचं सगळं लिखाण एकदा डाउनलोड करून ठेवता येत नाही का? मग हलायचं की राहायचं ते सावकाश ठरवू.

सेमीकोलन_सांगली

@बाइटभर_साखर, आपल्या अ‍ॅपमध्ये गटाच्या चालकाला संपूर्ण गट उतरवून घ्यायची सोय नाही. स्वतःच्या खात्याचा डेटा प्रत्येकाला मागता येतो, पण त्यात फक्त आपले मेसेज येतात, समोरच्याचं काहीच नाही. बाहेरची टूल आहेत, पण त्यांना स्वतःच्या खात्याची किल्ली द्यावी लागते आणि ते अ‍ॅपच्या नियमात बसत नाही. खातं बंद झालं तर गटच चालकाविना.

मुक्तछंद

मॅट्रिक्स घ्या. मुक्त प्रोटोकॉल, स्वतःचा सर्व्हर, कुणी बाहेर काढू शकत नाही. डेव्हलपरांची चॅट सेवा गिटरसुद्धा २०२३ मध्ये मॅट्रिक्सवरच गेली. मोझिलानं आपलं आयआरसी बंद केलं तेव्हा तेही तिथंच गेले. दुसरा विचारच करू नका.

रात्रपाळी

@मुक्तछंद, मॅट्रिक्स मलाही आवडतं, पण भारतात बसून ते सुचवताना मे २०२३ आठवा. केंद्र सरकारनं चौदा मेसेजिंग अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात एलिमेंट आणि ब्रायर होती. एलिमेंट म्हणजे मॅट्रिक्सचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं अ‍ॅप. दुसरं क्लायंट टाकून काम चालतं, तुम्हाला-मला जमतं. पहिल्या वर्षाच्या मुलाला "आधी हे टाक, ते नाही चाललं तर ते टाक" सांगत बसायचं का? डिसेंबर २०१४ मध्ये गिटहबसुद्धा इथं काही दिवस ब्लॉक होतं, ३२ साइटच्या यादीत. तेव्हा कुणाची रिपॉझिटरी बुडाली नाही, कारण गिटमध्ये प्रत्येकाच्या मशिनवर सगळी प्रत असते. चॅटचं तसं नाही.

आता माझ्या त्या उत्तराबद्दल. सेमीकोलननं कौतुक केलं, आनंद झाला. पण ते उत्तर आता जुनं झालंय आणि हे कुणालाच कळणार नाही.

त्यात मी लिहिलं होतं की माणसाला दिसणारी अक्षरं मोजायची तर रेजेक्स मॉड्यूल घ्या (पायथनसोबत येणारं आरई नव्हे, वेगळं मिळतं ते) आणि बॅकस्लॅश एक्स ही खूण वापरा, ती एकेक दिसणारं अक्षर पकडते. तेव्हा "क्षितिज"चे चार तुकडे यायचे: क्, षि, ति, ज. जोडाक्षर मधोमध तुटायचं. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये नियम बदलला. देवनागरी धरून काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरं आता एकत्र धरतात, म्हणजे क्षि, ति, ज असे तीन. तुमची लायब्ररी कुठल्या आवृत्तीवर आहे त्यावर चार की तीन ते ठरतं.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं. नावाचं आद्याक्षर काढणारं साधं फंक्शन घ्या. "क्षितिज"साठी जुन्या नियमानं पाय मोडका क् येतो. कुणाच्या ओळखपत्रावर तसं छापून आलं तर? चॅटमध्ये मी जुना मेसेज जाऊन दुरुस्त करू शकतो, पण तो वर कुठेतरी हजारो मेसेजांच्या खाली गाडलेला. दुरुस्ती वाचणार कोण? पान असतं तर पाच मिनिटांत बदललं असतं, खाली तारीख आली असती, आणि ज्यांनी दुवा दिलाय त्यांना नवंच दिसलं असतं. माझं हलण्याला मत आहे ते एवढ्यासाठी.

अनघा_प

@रात्रपाळी, हा मुद्दा पटला. खरंच पटला.

पण दुसरी बाजू बघा. तो गट बंद आहे म्हणून मुलं तिथं विचारतात. "इंडेंटेशन म्हणजे काय" हे विचारायलाही धीर लागतो, मुलींना तर जास्तच. कितीतरी जणी आधी मला खाजगीत विचारतात, "ताई, हे गटात विचारलं तर हसतील का?" आता त्यांना सांगायचं की तुझा प्रश्न नावानिशी गूगलवर दिसेल, उद्या मुलाखत घेणारा नाव टाकून बघेल? त्या विचारणंच बंद करतील. जुने मेसेज उचलून उघड्यावर टाकायला तर माझा ठाम नकार आहे. लोकांनी ते बंद खोलीत लिहिलेत.

विदर्भ_एक्सप्रेस

आता नुसता वाचत नाही, बोलतो. अनघाताईंना शंभर टक्के पाठिंबा. मी स्वतः पहिलं वर्षभर फक्त वाचत होतो.

ब्रॅकेट_बंद

अनघा यांचा मुद्दा परवान्यापर्यंत जातो. आपल्या गटातल्या उत्तरांवर हक्क कुणाचा? हे आपण कधी ठरवलंच नाही.

स्टॅक ओव्हरफ्लोनं २००८ पासून हे स्पष्ट ठेवलं: सगळं लिखाण क्रिएटिव्ह कॉमन्स, श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढे द्या. शिवाय वेळोवेळी सगळ्या मजकुराची प्रत जाहीर ठेवायची. २०२१ मध्ये कंपनी १.८ अब्ज डॉलरला प्रोसस या गुंतवणूक कंपनीकडे गेली तरी मजकुराचा परवाना तोच राहिला. ५ जून २०२३ ला मॉडरेटर संपावर गेले, एआयनं लिहिलेली उत्तरं काढायला कंपनी आडकाठी करते म्हणून. त्याच सुमाराला ती जाहीर प्रत येणं थांबलं होतं, आणि ती पुन्हा सुरू करा हीसुद्धा संपाची मागणी झाली. ऑगस्टमध्ये तडजोड झाली, प्रतही परत आली. विचार करा, हातात सगळी सत्ता कंपनीची असताना स्वयंसेवकांकडे वजन होतं ते या परवान्याचं. उद्या उठून दुसरीकडे तेच लिखाण मांडता येतं, हे कंपनीलाही माहीत होतं.

पण त्याच परवान्याची दुसरी कड मे २०२४ मध्ये दिसली. ओपनएआयशी करार जाहीर झाला तेव्हा काही जण रागानं स्वतःची उत्तरं पुसायला लागले. कंपनीनं ती परत आणली आणि काहींची खाती काही काळ थांबवली. एकदा दिलेलं परत घेता येत नाही. म्हणून लिहिणाऱ्याला आधी विचारा. हो म्हणाला तरच त्याचं उत्तर घ्या. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव घेऊच नका, प्रश्न आपल्या शब्दांत लिहा.

जुना_आयआरसीवाला

अवांतर: याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला कायमचे बंद झाले. त्याच्या वर्षभर आधीच फायली आणि मेसेज काढून टाकायला सुरुवात झाली होती. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४. गूगल प्लस एप्रिल २०१९. परदेशातल्या मराठी मंडळींनी या जागांवर किती लिहिलं असेल! देवनागरी नीट उमटायचीसुद्धा नाही तेव्हा, तरी लोक चिकाटीनं लिहायचे. त्यातलं किती कुणी उतरवून घेतलं असेल?

श्रुती_डब्लिन

काका, हे अवांतर नाही हो. हाच तर विषय आहे.

देवऑप्स_दादर

सगळे "कुठे" वर बोलताय, मी "कोण" वर बोलतो, कारण सर्व्हर सांभाळणं हा माझा रोजचा धंदा आहे.

डिस्कोर्स बसवायला निदान एक जीबी रॅम आणि वर स्वॅप लागतं, दोन जीबी असेल तर बरं. ते भाडं वर्गणीतून निघेल. बसवणं एका दुपारचं काम. पण त्यानंतर अपडेट कोण करणार? ईमेल जात नाहीत म्हणून तक्रार आली की कोण बघणार? शनिवारी रात्री स्पॅमवाल्यांनी शंभर खाती काढली तर? बॅकअप नुसतं घेऊन भागत नाही, ते दुसऱ्या मशिनवर चढवून बघावं लागतं, दर थोड्या दिवसांनी. हे एका माणसावर टाकलं तर तो दमतो, आणि तो दमला की साइट जाते. मोठी कंपनी परवडली असं म्हणायची वेळ येते.

पायथनवाल्यांनी २०२२ मध्ये पायथन-डेव्हची मेलिंग लिस्ट डिस्कोर्सवर नेली. जुन्या लोकांना मेलची सवय होती, कुरकुर झाली, पण डिस्कोर्सला ईमेलवरून उत्तर देता येतं म्हणून बरेच टिकले. त्यांच्यामागे फाउंडेशन आहे हे विसरू नका. आपल्यामागे आपणच.

झुलिपचा विचार केलात का? मुक्त स्रोत आहे, चॅटसारखं वागतं, प्रत्येक संभाषणाला विषय देता येतो, आणि निवडक विभाग लॉगिनशिवाय वाचायला उघडे ठेवता येतात. बाकीचे बंद. रस्टच्या टीम तिथंच काम करतात. मुक्त प्रकल्पांना त्यांच्या सर्व्हरवर जागा फुकट देतात, आणि पुढे सगळं उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर नेता येतं. शेवटचं वाक्य माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं.

मुक्तछंद

झुलिप चालेल. मॅट्रिक्सचा हट्ट सोडतो, तत्त्व सोडत नाही :)

बाइटभर_साखर

पण मग मूळ प्रश्न राहिलाच. हलायचं की नाही?

सेमीकोलन_सांगली

@बाइटभर_साखर, हो, तिकडेच येतो. सगळं वाचून माझं मत थोडं सरकलंय. विचारण्याची जागा आहे तिथंच राहू दे, बंद आणि फोनवर चालणारी. अनघाच्या मुलींना कुठेही हलवायचं नाही. उत्तरं मात्र बाहेर काढू. एखादं उत्तर पुन्हा पुन्हा लागतंय असं दिसलं की लिहिणाऱ्याला विचारायचं, त्यानं ते नीट लिहून उघड्या साइटवर टाकायचं, परवाना क्रिएटिव्ह कॉमन्स, आणि चॅटमध्ये फक्त दुवा. साधी पानं, गिटमध्ये ठेवलेली. मग सर्व्हरचा व्यापही उरत नाही आणि प्रत प्रत्येकाकडे.

रात्रपाळी, पहिलं पान तुमचं. युनिकोड १५.१ सकट.

रात्रपाळी

लिहितो. जुन्या आणि नव्या नियमाचं आउटपुट शेजारी शेजारी देतो. "ज्ञानेश्वरी" आणि "कृष्णा" पण घेतो, म्हणजे जोडाक्षर आणि ऋकार दोन्ही होतील.

देवऑप्स_दादर

गिटमधली पानं चांगली कल्पना. माझी हरकत संपली. डोमेन मात्र एका माणसाच्या नावावर घेऊ नका. फ्रीनोडची गोष्ट वर आलीच आहे.

ब्रॅकेट_बंद

मग कुणाच्या नावावर? गट ही कायद्यानं व्यक्ती नाही.

जुना_आयआरसीवाला

संस्था नोंदवायची. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली निदान सात जण लागतात, महाराष्ट्रात अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. कागदपत्रांचा कंटाळा येतो, पण होतं. मी एक.

कोकणी_कोडर

दोन. रत्नागिरीहून सही करायला येतो, वाटेत कुणाला उचलायचं असेल तर सांगा.

विदर्भ_एक्सप्रेस

तीन.

अनघा_प

चार. पण माझी अट लिहून घ्या: पान स्वस्त फोनवर, डेटा संपत आलेला असतानाही उघडलं पाहिजे. कोडचा चौकोन आडवा सरकवावा लागला तर मी ते परत पाठवणार.